दोन मिनिटकाट्यांचं घड्याळ

गेल्या वर्षी मे महिन्यात एक खिशातलं घड्याळ माझ्या हातात आलं आणि पुढचे पाच महिने मी त्याच्या नादात एक चूक करत राहिले. ती तुम्हीही करू शकता, विशेषतः माझ्यासारखं एमएस्सी करून मग इतिहासाकडे वळला असाल तर. म्हणून जरा सविस्तर सांगते.

कल्याणला पारनाक्याजवळ माझ्या मैत्रिणीचं आजोळ. तिची आजी एक्क्याण्णव वर्षांची, कान जरा कमी, बाकी सगळं ठणठणीत. माझा विषय 'वेळ मोजण्याचा इतिहास' आहे हे कळल्यावर त्यांनी कपाटातून एक डबा काढायला लावला. आत जरीच्या तुकड्यात गुंडाळलेलं चांदीचं घड्याळ. पांढरी इनॅमलची तबकडी, रोमन आकडे, कडेनं निळ्या-गुलाबी फुलांची बारीक वेल, आणि पाठीवर कोरलेलं धूर सोडणारं आगगाडीचं इंजिन.

"मामंजींचं हे," आजी म्हणाल्या. "जीआयपीत गार्ड होते. पण घड्याळ त्यांच्या आजोबांचं. पहिली आगगाडी निघाली ना, तेव्हा साहेबानं दिलेलं."

घड्याळ बंद होतं. पण मी तबकडीकडे बघतच राहिले, कारण तिच्यावर तीन काटे होते आणि त्यात सेकंदकाटा एकही नव्हता. एक तासकाटा, एक निळसर पोलादी मिनिटकाटा, आणि त्याच्याच लांबीचा दुसरा सोनेरी मिनिटकाटा. एका घड्याळाला दोन मिनिटकाटे कशाला?

तुमच्यापैकी ज्यांनी मुंबईचा थोडाफार इतिहास वाचलाय त्यांच्या डोक्यात आत्ता जे आलं, तेच माझ्या डोक्यात आलं. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी आधी तो भाग.

वेळ म्हणजे मुळात रेखांश. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. मुंबई साधारण ७२.८ पूर्व रेखांशावर, म्हणून तिची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. मद्रास ८०.२५ वर, ५ तास २१ मिनिटं पुढे. गावागावाची वेळ अशीच वेगळी. आपल्याच पट्ट्याचं गणित करून बघा: सीएसएमटीपेक्षा ठाणे स्टेशनवर सूर्य साधारण ३३ सेकंद आधी माथ्यावर येतो, कल्याणला ७१ सेकंद आधी, आणि डोंबिवलीला जवळजवळ बरोब्बर एक मिनिट. पंचांगाच्या भाषेत अडीच पळं. (एक पळ २४ सेकंदांचं, साठ पळांची एक घटका, साठ घटकांचा अहोरात्र.) १६ एप्रिल १८५३ ला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून चौदा डब्यांत चारशे पाहुणे घेऊन पहिली गाडी ठाण्याला निघाली, तेव्हा त्या ३३ सेकंदांची चिंता करायचं कुणाला कारण नव्हतं. १ मे १८५४ ला गाडी कल्याणपर्यंत आली, तरी नव्हतं.

चिंता सुरू झाली ती गाड्या लांब जायला लागल्यावर. कल्याणला रूळ दोन दिशांना फुटतात, हे आपण रोज इंडिकेटरवर कर्जत आणि कसारा वाचून विसरून जातो. एक फाटा बोरघाट चढून पुण्याकडे, दुसरा थळघाट चढून नाशिककडे. १८७० मध्ये जबलपूरला मुंबई आणि कलकत्ता रुळांनी जोडली गेली, १८७१ मध्ये रायचूरला मुंबई आणि मद्रास. आता एकाच तिकिटावर तीन शहरांच्या तीन वेळा. मद्रास साधारण मध्ये: मुंबईपेक्षा ३० मिनिटं पुढे, कलकत्त्यापेक्षा तेहेतीसेक मिनिटं मागे. शिवाय तिथे १७९२ पासूनची वेधशाळा. म्हणून रेल्वे आणि तारखात्यानं मद्रास टाइम धरला.

शहरानं मात्र धरला नाही. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कामकाजासाठी मद्रास टाइमचा हुकूम काढला, त्यावर एवढी ओरड झाली की दोनेक वर्षांत तो गुंडाळावा लागला. भांडण राजाबाई टॉवरच्या घड्याळापर्यंत पोचलं. मग १ जानेवारी १९०६ पासून आली आजची प्रमाणवेळ, ८२.५ अंशांवरची, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. मद्रासला फक्त ९ मिनिटांचा धक्का बसला. मुंबईला ३९ मिनिटांचा.

३९ मिनिटं म्हणजे किती, हे गिरणीच्या फाटकावर कळतं. जानेवारीत मुंबईत सूर्य उगवतो आजच्या घड्याळात सव्वासातच्या सुमाराला. मुंबई टाइमप्रमाणे ती साडेसहाची वेळ. फाटकावरचा आकडा तोच ठेवून घड्याळ पुढे केलं, की कामगाराला तेवढंच आधी, तेवढ्याच जास्त अंधारात उठावं लागणार. त्याच जानेवारीत जेकब ससून मिलचे कामगार यावरून रस्त्यावर आले. महापालिकेनंही आपली घड्याळं मुंबई टाइमवरच ठेवली. आणि हे थोडे दिवस चाललं असं समजू नका. मुंबई टाइम या ना त्या रूपात १९५५ पर्यंत टिकून होता. मधल्या काळात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, युद्धामुळे प्रमाणवेळ आणखी एक तास पुढे होती. म्हणजे त्या तीन वर्षांत मुंबई टाइम पाळणारा माणूस आणि सरकारी घड्याळ यांच्यात ९९ मिनिटांचं अंतर.

आता परत त्या तबकडीकडे या. दोन वेळा एकाच तबकडीवर दाखवायची रीत माझ्या कल्पनेतली नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहराची वेळ लंडनपेक्षा १० मिनिटं मागे होती. तिथल्या कॉर्न एक्स्चेंजच्या घड्याळाला आजही दोन मिनिटकाटे आहेत, एक ब्रिस्टलचा, एक लंडनचा. कल्याणसारखं जंक्शन, जीआयपीतला गार्ड, आणि खिशात दोन मिनिटकाटे. तुम्ही असता तर काय केलं असतं?

पण मी अगदीच वाहवत गेले नाही, निदान सुरुवातीला. हे घड्याळ खरंच वेगळं आहे की त्या काळातली नेहमीची गंमत, हे बघायचं ठरवलं, आणि त्यासाठी महिनाभर विचित्र तबकड्यांमागे लागले. माझ्या प्रबंधात यातलं जवळजवळ काहीच येणार नाही, म्हणून इथे जरा रेंगाळते.

१६७५ पर्यंत खिशातल्या घड्याळाला साधारणपणे एकच काटा असायचा, तासाचा. कारण सरळ आहे: घड्याळ दिवसाला पाव-अर्धा तास चुकत असेल तर मिनिटकाटा लावणं म्हणजे स्वतःचंच हसं करून घेणं. त्या वर्षी हायगेन्सनं बॅलन्सला सर्पिल स्प्रिंग जोडली आणि चूक दिवसाला काही मिनिटांवर आली. आता मिनिटं दाखवण्यात अर्थ होता. पण दाखवायची कशी? आपल्याला वाटतं, त्यात काय, दोन काटे लावायचे. पण ते 'त्यात काय' ठरायला पुढची तीस-चाळीस वर्षं गेली, आणि तेवढ्यात कारागिरांनी हवे ते प्रयोग करून घेतले.

एक प्रकार भटक्या तासांचा. तबकडीला वरच्या बाजूला अर्धगोल खिडकी, तिच्या कमानीवर ० ते ६० मिनिटांच्या खुणा. खिडकीत डावीकडून एक आकडा उगवतो, समजा ७. तो कमानीवरून सरकत जातो. तो जिथे असेल ती मिनिटं. उजवीकडे ७ मावळला की डावीकडून ८ उगवतो. काटा नाहीच. याचं मूळ रोममधल्या काम्पानी बंधूंनी पोप सातवे अलेक्झांडर यांच्यासाठी केलेल्या रात्रीच्या घड्याळात आहे: पोपसाहेबांना झोप येत नसे, टिकटिक चालत नसे, आणि अंधारात वेळ दिसायला हवी, म्हणून आकड्यांच्या मागे दिवा.

दुसरा प्रकार सूर्य-चंद्राचा. तशीच अर्धगोल खिडकी, पण तीत सकाळी सहाला एक सोनेरी सूर्य उगवतो आणि तासांच्या आकड्यांवरून सरकत संध्याकाळी सहाला मावळतो, मग चंद्र येतो. मिनिटं मात्र बाहेरच्या कड्यावर, साध्या काट्यानं. दिवस आणि रात्र एकाच तबकडीवर वेगळी कळणं ही सोय आपल्या एएम-पीएमपेक्षा मला तरी जास्त शहाणपणाची वाटते.

फ्रेंच क्रांतीवाल्यांनी तर मूळ मापच बदललं: १७९३ मध्ये दिवसाचे दहा तास, तासाची शंभर मिनिटं. मग दोन्ही मापं एकत्र दाखवणाऱ्या तबकड्या निघाल्या. १७९५ मध्ये सक्ती स्थगित झाली आणि त्या तबकड्या शोभेच्या झाल्या. ब्रेगेचं एक घड्याळ बघायचं नसतंच, चाचपायचं असतं: झाकणावर बाण, कडेला तासांसाठी उंचवटे. अंधारात चालतं, आणि समोरचा कंटाळवाणं बोलत असताना त्याला न कळू देता खिशातल्या खिशातही चालतं. (आपल्या एचएमटीनं अंधांसाठी काढलेल्या ब्रेल घड्याळांची कल्पना या घराण्यातलीच.) ट्रामेलानच्या रेकॉर्ड कंपनीनं पंख्याच्या आकाराचं घड्याळ काढलं, ज्यात काटे बारापर्यंत जातात आणि टुणकन शून्यावर परत येतात.

मला सगळ्यात आवडलं ते पालवेबरचं. साल्झबर्गच्या जोसेफ पालवेबरनं १८८३ मध्ये काट्यांशिवाय, खिडक्यांत आकडे उड्या मारणाऱ्या घड्याळाचं पेटंट घेतलं. शाफहाउजनच्या आयडब्ल्यूसीनं ती बनवली. चक्क डिजिटल, वीज न वापरता. ती फार वर्षं चालली का नाहीत, हे फिजिक्सवाल्यांना सांगायला नको. साध्या घड्याळात स्प्रिंगची ऊर्जा सारखी, थोडीथोडी खर्च होते. इथे दर मिनिटाला एक चकती झटक्यात हलवायची, दर दहा मिनिटांनी दोन, आणि १२:५९ चे १:०० होताना तिन्ही एकदम. नेमका त्या क्षणी यंत्रावरचा भार सगळ्यात जास्त. लोक परत काट्यांकडे गेले.

हे सगळं वाचताना एक गोष्ट सुचली, ती मला अजून आवडते. मुंबई आणि मद्रास यांच्यातला फरक ३० मिनिटांचा, म्हणजे तबकडीवर १८० अंश. बहुतेक मिनिटकाट्यांना मागे छोटी शेपटी असते. मग दुसरा काटा हवाच कशाला? पुढचं टोक मुंबईची मिनिटं दाखवत असेल तर शेपटी मद्रासची दाखवते. गार्डानं फक्त तास सांभाळायचा. १९०६ नंतर फरक ३९ मिनिटांचा झाला आणि ही शेपटीची सोय गेली. दोन वेळा दाखवायच्या तर आता खरोखरच दुसरा काटा हवा, पहिल्याच्या २३४ अंश पुढे.

आणि माझ्याकडे दुसरा काटा असलेलं घड्याळ होतं.

आजींची १८५३ ची गोष्ट मी पहिल्याच आठवड्यात निकालात काढली होती, आणि त्याचा मला थोडा अभिमानही वाटला होता. मागचं झाकण उघडल्यावर आत ०.८०० आणि रानकोंबड्यासारख्या पक्ष्याचा बारीक शिक्का होता. चांदीवरचा हा शिक्का स्वित्झर्लंडच्या १८८० च्या कायद्यानं आला, त्याआधी नाही. शिवाय घड्याळाला किल्ली वरच्या डोक्यानं द्यायची होती. १८५३ च्या सुमाराची घड्याळं सहसा वेगळ्या किल्लीनं, भोकात घालून द्यायची असत. पाठीवरचं इंजिन? तसली कोरीव इंजिनं स्विस कारखाने सर्रास करत. रेल्वेशी काडीचा संबंध नसलेला माणूसही ते घेई, जसा आपण मोराचं चित्र असलेला डबा घेतो. म्हणजे घड्याळ १८८० नंतरचं, साहेबाच्या भेटीची गोष्ट नंतर चिकटलेली.

मग मी सोनेरी काट्याचा कोन मोजला. फोटो काढला, संगणकावर रेघा आखल्या. दोन काट्यांमधलं अंतर २३२ अंश भरलं. म्हणजे ३८.७ मिनिटं.

तुम्हाला सांगते, त्या रात्री मला झोप नाही आली. सीएसएमटीच्या रेखांशावरून अचूक गणित केलं तर फरक ३८ मिनिटं ४० सेकंद येतो. ३८.७ मिनिटं! दोन दिवसांत मी एका चर्चासत्रासाठी गोषवारा लिहून पाठवला: १९०६ नंतर कल्याणचा रेल्वे कर्मचारी मुंबई टाइम आणि प्रमाणवेळ एकाच तबकडीवर वागवत होता, आणि त्याचा भौतिक पुरावा उपलब्ध आहे. तो स्वीकारलाही गेला.

गाइड मॅडमनी वाचून एकच प्रश्न विचारला. "तो काटा बसवला कुणी?"

मला उत्तर माहीत नव्हतं, आणि प्रश्न थोडा खुसपट काढल्यासारखाही वाटला. तरी ऑक्टोबरमध्ये आजींची परवानगी घेऊन घड्याळ डोंबिवलीला एका घड्याळवाल्या काकांकडे नेलं. फडके रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं चार फुटी दुकान आहे. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, काच काढली आणि चिमट्याच्या टोकानं सोनेरी काट्याला हलकंच टेकवलं. काटा फिरला. अगदी आरामात, पंख्याच्या पात्यासारखा.

"हा या मशीनचा नाही," काका म्हणाले. "भोक मोठं आहे. कुणीतरी दुसऱ्या घड्याळाचा दाबून बसवलाय. तुम्ही घड्याळ आडवं केलंत तरी हा जागा सोडणार."

मी मैत्रिणीला फोन केला. तिच्याकडे दोन वर्षांपूर्वीचा, आजीच्या वाढदिवसाला काढलेला या घड्याळाचा फोटो होता. त्यात दोन काट्यांमध्ये २२ मिनिटांचं अंतर होतं.

म्हणजे माझे ३८.७ हा डबा कपाटातून काढताना बसलेल्या हिसक्याचा आकडा होता. मी तो दशांशापर्यंत मोजला होता. प्रयोगशाळेत कुठलंही उपकरण हातात आलं की पहिल्यांदा आपण काय करतो? तेच माप पुन्हा घेतो. एमएस्सीच्या पहिल्या सहामाहीत एका वाचनावर ग्राफ काढला असता तर सरांनी जर्नल तोंडावर फेकलं असतं. इथे मी एकदाच मोजलं, कारण पहिल्याच मापात हवं ते मिळालं. आजींची गोष्ट मी शिक्के बघून तपासली, माझी स्वतःची तपासलीच नाही.

गोषवारा मागे घेतला. त्या मेलची तीन वाक्यं लिहायला मला अख्खी दुपार लागली.

घड्याळ परत द्यायला गेले तेव्हा आजींना काय सांगायचं हा वेगळाच प्रश्न होता. मी आडून आडून सुरुवात केली, शिक्का, कायदा, स्वित्झर्लंड. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"म्हणजे खोटं आहे का गं हे?"

"नाही आजी, घड्याळ अगदी खरं आहे. मामंजींनीच वापरलेलं असेल. पण पहिल्या गाडीच्या वेळचं नाही."

"मग त्यांच्या आजोबांचं नसेल." थोडं थांबून म्हणाल्या, "सासूबाई सांगायच्या. त्यांना सगळंच पहिल्या गाडीचं वाटायचं." आणि हसल्या. मग म्हणाल्या, "वेळेचं म्हणशील तर मामंजींचा नेहमी वाद. घरात एक वेळ, ड्यूटीवर एक. लग्नाच्या वेळी तर पत्रिकेवरून केवढं बोलणं झालं होतं."

कुठली पत्रिका, मी विचारलं.

पुन्हा डबा. या वेळी बिस्किटांचा, गंजलेला. त्यात हळदीकुंकवाचे डाग पडलेल्या लग्नपत्रिकांची चळत. आजींची स्वतःची १९५२ सालच्या मे महिन्यातली. गोरज मुहूर्त, सायंकाळी ७ वाजून ४ मिनिटे, आणि पुढे कंसात बारीक टाइपात 'स्टँ. टा.'. खाली त्यांच्या थोरल्या नणंदेची, मे १९३८ ची, तीही कल्याणलाच. तोही गोरज मुहूर्त. सायंकाळी ६ वाजून २६ मिनिटे. पुढे कंस नाही.

माझ्या आधी तुम्ही गणित केलं असेलच. गोरज म्हणजे गाई परतताना धूळ उडते ती वेळ, सूर्यास्ताच्या आसपासची. मेच्या मध्याला आपल्याकडे सूर्यास्त प्रमाणवेळेनं साधारण ७ वाजून ४ मिनिटांनी होतो. १९५२ ची पत्रिका त्याच्याशी जुळते, आणि कंसातही तेच लिहिलंय. १९३८ च्या पत्रिकेतली ६:२६ ही प्रमाणवेळ असेल तर मुहूर्त सूर्यास्ताच्या ३८ मिनिटं आधी, लख्ख उन्हात पडतो. गोरजाला एक घटका म्हणजे २४ मिनिटांची सूट दिली तरी तो बसत नाही. मुंबई टाइम धरला तर मात्र तो सूर्यास्तावर येतो. इथे साक्ष कुठल्या काट्याची नाही, सूर्याची आहे, आणि तो कपाटातून काढताना हलत नाही.

१९५२ च्या पत्रिकेतला तो कंस मला यापेक्षाही बोलका वाटतो. आज आपण पत्रिकेत 'प्रमाणवेळ' लिहीत नाही, कारण दुसरी कुठली वेळ कुणाच्या मनातच येत नाही. प्रमाणवेळ लागू होऊन ४६ वर्षं झाल्यावरही छापखान्याला आणि घरच्यांना तो खुलासा करावासा वाटला, म्हणजे पाहुण्यांपैकी कुणीतरी दुसऱ्या वेळेनं येईल अशी धास्ती तेव्हाही होती.

मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, छान, पण दोन पत्रिका, एक घर. शिवाय १९३८ ची वेळ भटजींनी पंचांगातून जशीच्या तशी उतरवली असेल तर त्यावरून घरातलं भिंतीवरचं घड्याळ कसं लावलं होतं ते कळत नाही. दोन्ही मुद्दे बरोबर. म्हणून आता मी १९०६ ते १९५५ मधल्या पत्रिका गोळा करतेय, ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातल्या, आणि फक्त गोरज मुहूर्ताच्या, म्हणजे सूर्यास्ताशी ताडून बघता येतील. सत्तावीस झाल्या आहेत. युद्धकाळातली, १९४२ ते १९४५ मधली, अजून एकही मिळालेली नाही. एका तासाची वाढ धरली तर ती सगळ्यात मजेशीर ठरेल.

तुम्हाला स्वतः करून बघायचं असेल तर गच्चीवर एक सरळ काठी उभी करा आणि तिची सावली सगळ्यात आखूड कधी होते ते लिहून ठेवा. डोंबिवलीत ती वेळ वर्षाच्या सरासरीनं १२ वाजून ३८ मिनिटांच्या जवळ येईल, पण फेब्रुवारीच्या मध्याला १२:५२ आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२१. हा डोलारा पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि कललेल्या आसामुळे, त्यावर पुन्हा कधीतरी. निदान पाच दिवस मोजा. एकदा मोजून थांबू नका, हे मी कुठल्या तोंडानं सांगतेय ते तुम्हाला आता माहीतच आहे.

घड्याळ आजींकडेच आहे. काकांनी तेल घालून ते चालू करून दिलं, दिवसाला चारेक मिनिटं पुढे जातं. सोनेरी काटा काढून टाकू का, असं त्यांनी विचारलं होतं. आजी म्हणाल्या, राहू दे, एवढी वर्षं आहे तर.